पाखडलेले फोटो

समजा मुलांनो, तुम्ही एका मोटारसायकलवर मागे बसला आहात. पुढे कमलेश नावाचा माणूस आहे. त्याच्या शर्टाची पाठ तुमच्या नाकासमोर फडफडते आहे, आणि मोहोपाड्यातल्या कारखान्यांचा तो आंबूस, डोळे चुरचुरवणारा वास हळूहळू मागे पडतो आहे. दुपारची वेळ. भातं कापून झाली आहेत, शेतांत नुसती धसकटं उरली आहेत, काही ठिकाणी त्यातच वाल पेरला आहे. इथवर सोपं आहे. आता थोडं अवघड सांगतो. मागे बसून चालायचं नाही, या माणसाच्या हेल्मेटच्या आत शिरायचं. तिथे इंजिनाचा आवाज येत नाही. तिथे एका लहान मुलीचा आवाज आहे, आणि तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतो आहे. ‘पप्पा, आमी पाखडलं!’

ती मुलगी म्हणजे त्याची रिया, तिसरीतली. हे वाक्य ती फोनवर म्हणाली तेव्हा कमलेश मोहोपाड्यात मनोजच्या कंप्युटर क्लासमध्ये उभा होता आणि सगळे टाळ्या वाजवत होते. टाळ्यांचं कारण असं, की कमलेशने लिहिलेला एक प्रोग्राम नुकताच जगासाठी खुला झाला होता. त्याचं नाव कणगी. भात साठवायला बांबूची विणलेली, शेणाने सारवलेली उंच कणगी असते ना, तिच्यावरून. हिच्यात भाताऐवजी फोटो ठेवायचे, वर्षावार लावायचे, हवा तो पटकन काढायचा. ती लिनक्सवर चालते. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी अशी यंत्रणा, की जी जगभरच्या माणसांनी मिळून लिहिली आहे. कुणीही फुकट घ्यावी, उघडून आत बघावी, दुरुस्त करून पुढच्याला द्यावी. वालाच्या शेंगांची पोपटी लावताना, म्हणजे त्या मडक्यात भाजताना, आत काय कशावर रचलं हे आपल्याकडे कुणी लपवून ठेवत नाही, तसंच. कमलेशने कणगीही तशीच उघडी ठेवली होती. आणि ती फार हलकी होती. मनोजने कारखान्यातून टाकून दिलेले जुने संगणक आणून क्लास थाटला होता, आणि त्या खोकणाऱ्या म्हाताऱ्या यंत्रांवरसुद्धा ती झरझर चालत होती. ‘कमल्या, लेका, तुझी कणगी जर्मनीत पोचली!’ मनोज पडद्याकडे बघून ओरडला होता. ‘एक जण लिहितोय, एवढं हलकं काही बघितलंच नव्हतं. आता पार्टी दे. वडापाववर भागवायचं नाही.’ आणि नेमका तेव्हा फोन वाजला होता.

पाखड हे कणगीतलं एक बटण होतं. एकाच क्षणाचे चारपाच फोटो काढलेले असतात, त्यातला सगळ्यांत स्पष्ट तेवढा ठेवायचा आणि बाकीचे, अस्पष्ट, हललेले, बाजूला काढायचे, हे त्या बटणाचं काम. कमलेशची आई, चंद्राबाई, ओटीवर सूप घेऊन तांदूळ पाखडायची. सूप वर उडायचं, दाणे परत त्याच जागी पडायचे आणि फोल पुढे उडून जायचं. ते बघत बघत त्याला ते सुचलं होतं. बाजूला काढल्यावर प्रोग्राम विचारायचा, ‘पाखडलेलं फेकून देऊ का?’ आईला वाचता यावं म्हणून त्याने मुद्दाम मराठीत लिहिलं होतं ते. किती खूश होता तो त्या वाक्यावर. ‘मग तू काय केलंस?’ त्याने टाळ्यांतच कान झाकून विचारलं होतं. ‘आजीला विचारलं. आजी बोलली, पाखडल्यावर फोल घरात ठेवतंय का कोन? दाब हो. मी हो दाबलं. सगळं एकदम स्वच्छ झालं, पप्पा! आता तुझ्यासाठी गंमत बनवतेय.’

आणि त्याला छाया पळताना दिसली.

छाया म्हणजे रियाची आई. ती मागच्या भाद्रपदात तापाने गेली. घरात फोटो काढायची ती. खळ्यावर, लग्नात, नदीवर, कुठेही. पण तिला स्वतःलाही फोटोत यायचं असायचं, आणि फोन दुसऱ्याच्या हातात द्यायला तिचा जीव धजत नसे. मग ती सगळ्यांना ओळीत उभं करायची, मध्ये स्वतःपुरती जागा सोडायची, फोन अंगणातल्या पाण्याच्या टाकीच्या कठड्याला टेकवून ठेवायची, टायमर लावायची, आणि पळत यायची. फोन एकामागून एक चारपाच फोटो घ्यायचा. पहिल्यात सगळे नीट उभे, मधली जागा रिकामी. पुढच्यांत एका बाजूने पदर शिरलेला, मग अर्धी छाया, मग आख्खी छाया, पण हललेली, केस तोंडावर, एक पाय अजून हवेत, कारण ती थांबेपर्यंत फोनचं काम संपलेलं असायचं. आणि ती आली की सगळेच हसून हलायचे. स्पष्ट म्हणावा असा फोटो नेहमी पहिलाच. ज्यात ती नाही तो. हे त्याला का सुचलं नव्हतं? हजार ओळी लिहिताना, फोटोतल्या कडा मोजून स्पष्टपणा ठरवणारा तो भाग दहादा सुधारताना, एकदाही? की सुचलं होतं आणि त्याने बाजूला सारलं होतं? कारण छाया स्वतःच म्हणायची ना. जुन्या संगणकावर फोटो उघडता उघडता मोठे प्रोग्राम गचके खायचे, ती शेजारी चहाचा कप घेऊन बसलेली असायची. ‘फोटो काढायचे आनि बघायचे कधी रं? म्हातारपनी?’ तिच्यासाठी तर त्याने कणगी विणायला घेतली होती. आणि स्वतःचा हललेला फोटो आला की ती तोंड वाकडं करायची. ‘हा काढून टाक. भुतासारखी दिसतंय मी.’ बरं, काढतो, तो म्हणायचा. आणि एके दिवशी त्याने ते काढणारं बटणच लिहिलं. तिला दाखवायचं राहिलं. ती असती तर बटण दाबून हसली असती, की ओरडली असती, हे त्याला आता ठरवता येत नव्हतं. दांड फाट्याचं वळण आलं आणि एका टेंपोने कर्कश हॉर्न दिला, तेव्हा त्याला कळलं की आपण रस्त्याच्या मधोमध आहोत.

कारखान्याच्या कॉलनीच्या बाहेरून जाताना त्याला क्वार्टरांची दारं दिसली होती, आणि त्यांवरच्या नावाच्या पाट्या. आता ही एक गोष्ट नीट समजून घ्या, मुलांनो, कारण कमलेशचा सगळा जीव तिच्यावरच टांगलेला होता. संगणकातून फोटो पुसला म्हणजे तो लगेच नाहीसा होत नाही. क्वार्टरवरची फक्त पाटी काढलेली असते, माणसं अजून आतच असतात. पण पाटी नाही म्हटल्यावर संगणकाला वाटतं, खोली रिकामी आहे. मग नवं काही ठेवायचं झालं की तो नव्या माणसाला तीच खोली देतो, आणि तेव्हा आतले कायमचे जातात. म्हणून अशा वेळी एकच करायचं असतं. यंत्राला हात लावायचा नाही. बंद करायचं, वायर ओढायची, आणि कुणालाही आत शिरू द्यायचं नाही. कमलेशला हे झोपेतही ठाऊक होतं. आणि रिया त्याच यंत्रावर त्याच्यासाठी गंमत बनवत होती. गंमत म्हणजे काय हे तो ओळखून होता. उरलेले फोटो एकामागून एक लावून, त्यांना गाणं जोडून, एक व्हिडिओ. त्यानेच शिकवलं होतं तिला. व्हिडिओ म्हणजे मोठा भाडेकरू. गाड्यांवर सामान लादून येणारा.

‘वायर काढ’ असं तो फोनवर म्हणू शकला असता. म्हणाला नव्हता. लोधिवलीच्या अलीकडे त्याने गाडी बाजूला घेतली, हेल्मेट काढलं आणि पुन्हा फोन लावला. समोर रस्त्यापलीकडे एक माणूस पेंढ्याचा भारा सायकलला बांधत होता. ‘रिया, बाळा, कंप्युटर बंद कर हं आता.’ ‘थोडंच राहिलंय, पप्पा.’ ‘नंतर कर. मी आलो की आपण दोघं करू.’ ‘मग ती गंमत कशी राहील?’ तिचं म्हणणं बरोबर होतं. एक वाक्य होतं, तयार होतं, जिभेच्या टोकावर होतं. ‘रिया, आईचे सगळे फोटो गेलेत, तू दाबलंस त्याने गेलेत, वायर ओढ.’ ती ताबडतोब ओढेल. धावत जाऊन ओढेल. आणि मग तिसरीतली ती मुलगी ते वाक्य घेऊन चौथीत जाईल, दहावीत जाईल, लग्न होऊन जिथे जाईल तिथे नेईल. आईला मी फेकलं. आज, पापणी लवायच्या आत, त्याला दोन्हींपैकी एक निवडायचं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याने काहीच निवडलं नाही. तो म्हणाला, ‘आजीला दे.’ चंद्राबाईंचा आवाज आला, ‘काय रं, जेवलास का?’ ‘आई, कंप्युटरची वायर काढ. भिंतीतली.’ ‘कंची? तितं तीन हायत. एक फ्रीजची हाय.’ ‘काळी.’ ‘समद्या काल्याच हायत.’ ‘मग तिन्ही काढ!’ तो ओरडला असावा, कारण पेंढा बांधणारा माणूस वळून बघू लागला. ‘अरं पोरगी डोल्यात पानी आनून बगतंय माज्याकडं. सकालपास्नं बसलंय ते, तुज्यासाटी. सासरच्या मानसावानी कशाला वराडतोस? ये तू घरी. आमी काय तुजा कंप्युटर खात नाय.’ आणि तिने फोन ठेवला. तिला फोन ठेवता येत होता. वायर काढता येत नव्हती. तो पुन्हा लावणार होता. अंगठा पडद्यावर टेकला होता. पण मग तिला कारण सांगावं लागलं असतं, आणि आईचा आवाज मोठा होता. तिने ‘छायाचं फोटू?’ एवढं जरी उच्चारलं असतं, तरी शेजारी उभी राहिलेली पोर सगळं समजली असती. त्याने फोन खिशात ठेवला.

पुढचा रस्ता त्याने जोरात कापला, पण जोरात गाडी चालवणारा माणूस काहीतरी करत असतो असं नाही. चौकहून कर्जतकडे वळल्यावर उन्हं तिरपी झाली, डाव्या हाताला डोंगराची कड निळसर दिसू लागली, आणि त्याचं मन पळवाटा शोधू लागलं. छायाचा फोन? तो पुसून आईला दिला होता, त्यातले फोटो आधी संगणकावर घेऊन. दुसरी प्रत? जुनी डिस्क होती, तीही मागच्याच आठवड्यात चाचणीसाठी रिकामी केली होती, आज संध्याकाळी परत भरायची होती. कणगीच्या माहितीपत्रकात त्याने स्वतः लिहिलं होतं की आधी दुसरी प्रत करा. मग लहान प्रती? दुसरे प्रोग्राम प्रत्येक फोटोची एक बारीकशी प्रत आपल्याजवळ ठेवतात, नखाएवढी. मूळ फोटो पुसला तरी ती कुठेतरी कोपऱ्यात धूळ खात पडते. नखाएवढी छाया चालली असती त्याला. पण कणगी हलकी होती. मूळ फोटो गेला की ती लहान प्रतही पुसायची. सकाळी जाहीर करताना त्याने अभिमानाने लिहिलं होतं, कणगी मागे काहीही ठेवत नाही. त्याच ओळीचं जर्मनीतल्या माणसाने कौतुक केलं होतं. मग त्याला त्या माणसाचीच आठवण आली. त्याच्याही घरी कुणी पळत येत असेल. कणगी आता किती घरांत शिरली होती कोण जाणे. त्याने चालत्या गाडीवरच मनोजला फोन लावला, कणगीचं इंटरनेटवरचं पान काढून टाक म्हणाला. ‘काढू कसं?’ मनोज म्हणाला. ‘लोकांनी उतरवून घेतलीय रे. पान काढलं तरी त्यांच्या घरातनं काय मी जाऊन उचलून आणू? इशारा लिहितो मोठ्या अक्षरात. पण झालं काय ते तरी सांग.’ कमलेशने सांगितलं नाही. छायाचे लग्नातले फोटो आहेत, तो स्वतःला सांगू लागला. आधारकार्डावरचा आहे. लग्नातल्या फोटोत मुंडावळ्यांमागे एक घाबरलेली अनोळखी मुलगी होती. आधारकार्डावर कुणीच नव्हतं. मग डोळे बंद न करता त्याने तिचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला, आणि त्याला केस आठवले, पाय आठवला, पदराची कड आठवली. आजवर तो चेहरा आठवायला तो फोटोच उघडत होता, हे त्याला दहिवलीच्या पुलावर कळलं.

घरात शिरताना त्याने चपलाही काढल्या नाहीत. रिया दारातच होती. ‘डोळे मिट,’ ती म्हणाली. तो तिच्या डोक्यावरून संगणकाकडे बघत होता. पडद्यावर लिहिलं होतं, व्हिडिओ तयार झाला. ओटीवर चंद्राबाई सूप घेऊन बसल्या होत्या, अंगावर तुसाचा भुगा. ‘बग बाबा एकदा पोरीचं,’ त्या म्हणाल्या, ‘मंग वायरा ओढ काय ओढायच्या त्या.’ आता ओढून काय होणार होतं? तरी त्याने ओढली नाही ती त्यामुळे नव्हे. रियाने त्याचा हात धरून त्याला खुर्चीत बसवलं होतं. गाणं सुरू झालं. पहिला फोटो खळ्यावरचा होता. त्याचे वडील, तेव्हा ते होते, शेजारी आई, मग रिकामी जागा, मग तो, कडेवर रिया. फोटो इतका स्पष्ट होता की पेंढ्याची काडी काडी मोजता आली असती. दुसरा नदीवरचा. रिकामी जागा. तिसरा मावसबहिणीच्या हळदीतला, सगळ्यांची तोंडं पिवळी. रिकामी जागा. कणगीने तिचं काम चोख केलं होतं. एकही फोटो हललेला नव्हता. पण कुणीच फोनकडे बघत नव्हतं. सगळ्यांचे डोळे जरा एका बाजूला वळलेले होते, आणि तोंडावर हसू येऊ घातलेलं होतं, आई हात पुढे करून कुणाला तरी बोलवत होती, आणि तो स्वतः, कमलेश, काहीतरी ओरडत होता. काय ओरडत होता तो? लवकर ये? पडशील? त्याला ऐकू येत नव्हतं. गाणं मोठ्याने चालू होतं.

व्हिडिओ संपल्यावर त्याने ‘छान’ म्हटलं आणि रियाला पाणी आणायला पाठवलं. मग पुसलेलं शोधून काढणारा प्रोग्राम त्याने पेनड्राइव्हवरून चालवला. जे सापडलं ते बघायला तो एकटा होता. फोटोंचे वरचे पट्टे सापडले. आभाळ. आंब्याचा शेंडा. एकात हिरव्या पदराचं टोक, बोटभर, आणि त्याखाली सगळं राखाडी, करडं, जिथे आता व्हिडिओतलं गाणं राहायला आलं होतं. त्याने पुन्हा चालवला. पुन्हा आभाळच आलं. यंत्रात बिघाड होता असं सांगावं का, वीज गेली म्हणावं का, तो मनात वाक्यं जुळवत होता, आणि त्याला कळलं की पाण्याचा तांब्या टेबलावर कधीचा येऊन ठेपला आहे. रिया खुर्चीमागे उभी होती. ती आभाळाकडे बघत होती.

‘पप्पा,’ ती म्हणाली, ‘यात आई का नाय?’

त्याने तांब्या जवळ ओढला.

‘मी व्हिडिओ लावताना पण बघितलं. मला वाटलं, कणगीनं तिला वेगळी ठेवलीय. नीट.’ मग तिने हळू विचारलं, ‘आई फोल होती?’

ओटीवरच्या सुपाचा आवाज थांबला. ‘काय म्हनतंय पोरगी?’ चंद्राबाईंनी आतल्या दिशेने विचारलं, आणि त्या उठून दारात आल्या. त्यांनी पडदा बघितला, मुलाचं तोंड बघितलं. त्यांना वाचता येत होतं, एवढंच नाही, बघताही येत होतं. ‘मीच बोलली हो दाब म्हनून,’ त्या म्हणाल्या. ‘तिचं काय नाय त्यात. ऐकलंस का, कमल्या? मी बोलली.’ कमलेशला वाटलं, आता आपण बोलायला हवं. नाही, आई फोल नव्हती. बटण मी लिहिलं. यंत्राला स्पष्ट तेवढंच दिसतं. ही सगळी खरी वाक्यं होती आणि त्यातलं एकही त्या प्रश्नाएवढं उंच नव्हतं. त्याने रियाला जवळ घ्यायला हात पुढे केला. ती त्याच्या हातात आली नाही. तिने तो हात धरला आणि ओढला.

तिने त्याला अंगणात नेलं. आजीलाही नेलं. ‘तू इथं. आजी, तू तिकडं. नाय, अजून सरक.’ दोघांच्या मध्ये तिने जागा सोडली, मागे जाऊन बघितली, आजीला अजून थोडं सरकवलं. मग ती पाण्याच्या टाकीकडे गेली आणि कठड्याशी वाकली, तिथे फोन नव्हता, तरी बोटाने काहीतरी दाबलं. ‘हलू नका,’ ती म्हणाली आणि पळाली. केस तोंडावर, दोन्ही हात पसरलेले, ती त्या जागेत येऊन शिरली, वळली, आणि धापा टाकत समोर बघत उभी राहिली. कुणी फोटो काढला नाही. चंद्राबाईंच्या ओठांवर तुसाचा भुगा होता आणि ते ओठ हलत होते. कमलेशने खाली बघितलं.

‘नाय,’ रिया म्हणाली. ‘आई याच्यापेक्षा फास्ट यायची.’

आणि ती पुन्हा टाकीकडे गेली, खाली बसली, आणि पायातल्या चपला काढू लागली.